लायब्ररी लिहिणाऱ्यांना खुले पत्र: कोणाशी जुळायचं ते आधी ठरवा

मुक्त सॉफ्टवेअरच्या लायब्रऱ्या, म्हणजे इतर प्रोग्रॅमांनी वापरायचा तयार कोड, लिहिणाऱ्या आणि सांभाळणाऱ्या मेंटेनर मंडळींना,

सप्रेम नमस्कार.

मी पॅकेजर आहे. तुम्ही लिहिलेला कोड घ्यायचा, बिल्ड करायचा (चालेल अशा रूपात आणायचा) आणि डिस्ट्रोच्या, म्हणजे लिनक्सच्या तयार संचाच्या, भांडारात असा ठेवायचा की कोणालाही तो एका आज्ञेत बसवता येईल, हे माझं काम. या कामात डोकं कशाने उठतं असं विचारलं की लोक स्वतःच उत्तर देतात: कंपायलरच्या चुका. त्या निस्तरता येतात हो. पॅच, म्हणजे छोटी दुरुस्ती, लिहिला, तुम्हाला पाठवला, तुम्ही घेतलात, विषय संपला. निस्तरत नाही ती न जुळणाऱ्या परवान्यांची जोडी. तुमची लायब्ररी मुक्त, ती वापरणारा प्रोग्रॅम मुक्त, दोघांचेही लेखक उदार मनाचे, आणि तरी दोघांना लिंक करून (जोडून) झालेली बायनरी, म्हणजे चालवायची तयार फाइल, मला कोणाच्या हाती देता येत नाही. यावर पॅच नसतो. असलाच तर तो तुमच्या परवान्याच्या फाइलीत करायचा असतो, आणि तिथे हात लावायचा अधिकार मला नाही.

प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांना सोडून तुम्हालाच हे पत्र लिहितोय, त्याला कारण आहे. प्रोग्रॅमचा परवाना बहुतेक वेळा त्या प्रोग्रॅमपुरता राहतो. लायब्ररीचा परवाना मात्र तिच्यावर उभ्या असलेल्या प्रत्येकाच्या अंगणात जाऊन बसतो, आणि तिच्यावर कोण कोण उभं राहणार हे पहिल्या दिवशी तुम्हालाही ठाऊक नसतं. म्हणून मागणं एकच आहे: परवान्याने कोणाला दूर ठेवायचं असेल तर खुशाल ठेवा, पण ते ठरवून ठेवा. आज जे लोक दूर राहतात, त्यांतले कितीतरी नुसत्या निष्काळजीपणामुळे राहतात.

गाठ कुठे बसते ते आधी सांगतो. जीपीएल हा फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनचा परवाना; त्याची दुसरी आवृत्ती जून १९९१ची. तिच्यानुसार जीपीएल कोड ज्यात मिसळला आहे ती संपूर्ण कृती वाटायची असेल तर जीपीएलच्याच अटींवर वाटायची. आणि सहाव्या कलमात पुढची गोष्ट येते: घेणाऱ्याला दिलेल्या हक्कांवर तुम्ही आणखी कोणतंही बंधन घालायचं नाही. सगळं घोडं इथे पेंड खातं. दुसऱ्या परवान्यात जीपीएलमध्ये नसलेली एक जरी अट असली, मग ती कितीही निरुपद्रवी असो, तरी दोन्ही परवाने एकाच वेळी पाळता येत नाहीत. एमआयटी किंवा तीन कलमी बीएसडी परवाना यात अडकत नाही, कारण ते मुख्यतः मूळ सूचना जपायला सांगतात आणि ते जीपीएललाही चालतं. आपल्या मशीनवर बिल्ड करून आपणच वापरणाऱ्याला या कशाचं सोयरसुतक नसतं. वाटप सुरू झालं की अडतं, आणि माझं तर कामच वाटपाचं.

‘निरुपद्रवी अट’ म्हणजे काय, तर बर्कली विद्यापीठाच्या जुन्या चार कलमी बीएसडी परवान्यातली जाहिरातीची अट बघा. या सॉफ्टवेअरचा किंवा त्याच्या वापराचा उल्लेख करणाऱ्या प्रत्येक जाहिरातीत आमच्या नावाने आभाराचं वाक्य छापा, असं ती म्हणे. इतरांनी परवाना उचलला आणि विद्यापीठाच्या जागी स्वतःचं नाव घातलं. जीपीएल लिहिणारे रिचर्ड स्टॉलमन यांनी नेटबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमच्या १९९७च्या एका आवृत्तीत अशी वाक्यं मोजली तर ती ७५ भरली. जुलै १९९९मध्ये विद्यापीठाने आपल्या कोडपुरती ही अट मागे घेतली. पण ज्यांनी ती नक्कल करून स्वतःच्या नावाने घातली होती त्यांची अट जिथल्या तिथे राहिली, आणि त्यांतलं सगळ्यात ठळक नाव होतं ओपनएसएसएल ही एनक्रिप्शनची लायब्ररी.

जाळ्यावर सुरक्षित जोडणी करणाऱ्या प्रोग्रॅमांपैकी किती ओपनएसएसएलवर टेकलेले आहेत हे तुम्हाला सांगायला नको. त्या लायब्ररीवर दोन परवाने होते, एक ओपनएसएसएलचा आणि एक तिच्या पूर्वजाचा, म्हणजे एसएसएलईएवायचा. दोन्हींत जाहिरातीची अट. परिणामी जीपीएलचा प्रत्येक प्रोग्रॅम जो ओपनएसएसएलशी लिंक व्हायचा, त्याच्या लेखकांना परवान्यासोबत वेगळा परिच्छेद जोडावा लागे: ओपनएसएसएलशी लिंक करायला आमची खास परवानगी आहे. फाइली उतरवणाऱ्या डब्ल्यूगेटने तो जोडला. अनेकांनी जोडला नाही, काहींना त्याची गरज आहे हेच माहीत नव्हतं. मग डेबियनसारख्या डिस्ट्रोत कोणी तरी बसून तो प्रोग्रॅम तेच काम करणाऱ्या जीएनयूटीएलएसवर चालेल असा वळवायचा, नाहीतर एनक्रिप्शन बंद ठेवून बिल्ड करायचा.

यातलं सगळ्यात बोलकं उदाहरण पोस्टग्रेएसक्यूएल या डेटाबेसच्या पीएसक्यूएलचं. डेटाबेसशी बोलायचा हा कमांड लाइनचा प्रोग्रॅम. पोस्टग्रेएसक्यूएलचा स्वतःचा परवाना अत्यंत सैल, कोणाशीही जुळणारा. पीएसक्यूएलला ओळ संपादित करायला रीडलाइन लागते, ती जीपीएलची. जोडणी सुरक्षित करायला ओपनएसएसएल लागते, तिच्यात जाहिरातीची अट. पोस्टग्रेएसक्यूएल आणि रीडलाइन ही जोडी चालते. पोस्टग्रेएसक्यूएल आणि ओपनएसएसएल हीही चालते. तिघं एका प्रोसेसमध्ये आली की चालत नाही, आणि भांडण ज्या दोघींचं त्यांचा एकमेकींशी थेट काही संबंधही नाही. डेबियनने २०११च्या सुमाराला पीएसक्यूएल रीडलाइनऐवजी तेच काम करणाऱ्या लिबएडिटशी लिंक केला. लिबएडिट बीएसडी परवान्याची, पण सवय रीडलाइनची झालेल्यांनी कुरकुर केली. तेव्हा तोडगा निघाला तो असा की बायनरी लिबएडिटशी लिंक केलेलीच वाटायची, आणि वापरणाऱ्याच्या मशीनवर रीडलाइन बसवलेली असेल तर चालवायच्या क्षणी एका रॅपर स्क्रिप्टने ती आधी लोड करून लिबएडिटच्या जागी बसवायची. वाटताना जोडी नाही, चालताना आहे! हुशारी म्हणून दाद द्यावी, पण हुशार माणसांचे असे तास कशापायी खर्च झाले तर जाहिरातीतल्या एका वाक्यापायी, आणि ती जाहिरात कोणी छापणारही नव्हतं.

ओपनएसएसएलने मार्च २०१७मध्ये परवाना बदलायचं जाहीर केलं. त्यासाठी योगदान दिलेल्या प्रत्येकाला शोधून ईमेल पाठवावे लागले, कारण ज्याच्या ओळी त्याचा हक्क. उत्तर आलं नाही तर हरकत नाही असं समजू, या अर्थाच्या मजकुरावरून त्यांना बोलणीही खावी लागली. अपाची २.० परवान्याखालची ओपनएसएसएल ३.० आली ७ सप्टेंबर २०२१ला, म्हणजे घोषणेनंतर साडेचार वर्षांनी. व्हीएलसी या व्हिडिओ प्लेयरच्या मंडळींनी आपलं इंजिन जीपीएलवरून एलजीपीएलवर, म्हणजे जीपीएलच्या सैल भावंडावर, नेलं तेव्हाही हेच करावं लागलं: एकेका लेखकाचा माग काढायचा, एकेकाची संमती मिळवायची, जो सापडत नाही त्याचा भाग नव्याने लिहायचा. एकट्याने पहिला रिलीज काढताना जे पाच मिनिटांत ठरलं असतं, ते शंभर हात लागल्यावर वर्षांचं काम होतं. लिनक्स कर्नलच्या बाबतीत तर तो विचारही कोणी गांभीर्याने करत नाही.

बरं, अपाची २.०ने प्रश्न सुटला का? अर्धा. फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनच्या मते अपाची २.० जीपीएलच्या तिसऱ्या आवृत्तीशी जुळतो, दुसरीशी नाही. पेटंटचा दावा ठोकणाऱ्याचे हक्क संपवणारं कलम अपाचीत आहे, दुसऱ्या आवृत्तीत नाही, म्हणून ते ‘जास्तीचं बंधन’ ठरतं. तिसरी आवृत्ती २९ जून २००७ला आली ती अशी कलमं सामावून घेण्याची तजवीज करूनच. तेही एकाच दिशेने: अपाचीचा कोड जीपीएल ३च्या प्रोग्रॅमात जातो, उलटा येत नाही. त्यामुळे ‘जुळतो का?’ हा प्रश्न नुसता विचारून भागत नाही. कोण कोणात जातंय, आणि एकत्र झालेली वस्तू कोणाच्या नावाने बाहेर पडणार, हे आधी सांगावं लागतं.

आता आवृत्त्यांबद्दल. जीपीएल २ आणि जीपीएल ३ एकमेकांशी जुळत नाहीत, हे सांगितलं की आजही लोक तोंडाकडे बघतात. एकाच घराण्यातल्या दोघी, पण दोघीही म्हणतात सगळं माझ्याच अटींवर. मधला पूल म्हणजे ‘किंवा यानंतरची कोणतीही आवृत्ती’ हे शब्द. ते असले तर मला तिसरी निवडता येते आणि गाडी पुढे जाते. नसले तर थांबते. लिब्रेडीडब्ल्यूजी ही कॅडच्या फाइली वाचणारी जीएनयूची लायब्ररी जीपीएल ३ किंवा नंतरची. लिब्रेकॅड या आराखडे काढायच्या प्रणालीच्या पोटात फक्त जीपीएल २चा वारसा. जिला ती लायब्ररी सगळ्यात उपयोगी पडली असती तिलाच ती घेता आली नाही. ‘फक्त २’ ही निवड कर्नलच्या लोकांनी केली ती विचार करून, जाहीर कारणं देऊन. मला त्यांचं म्हणणं पटो न पटो, तक्रार नाही. तक्रार आहे ती त्या असंख्य छोट्या लायब्रऱ्यांबद्दल जिथे कोणी काहीच ठरवलेलं नसतं. भांडारात ‘कॉपीइंग’ नावाची फाइल टाकलेली, आत जीपीएल २चा मजकूर, आणि सोर्स फाइलींच्या डोक्यावर अवाक्षर नाही. नवव्या कलमानुसार प्रोग्रॅमने आवृत्तीचा आकडा सांगितला नसेल तर घेणाऱ्याने प्रसिद्ध झालेली कोणतीही निवडावी. आता नुसती फाइल ठेवणं म्हणजे आकडा सांगणं झालं की नाही? दोन पॅकेजर आणि तीन मतं. लेखकाला विचारावं तर त्याचा ईमेल बंद पडलेला.

एलजीपीएल घेतली की सुटलो असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी दोन शब्द. डायनॅमिक लिंकिंग (लायब्ररी वेगळी ठेवून चालवताना जोडणं) केलं की परवाना लागू होत नाही आणि स्टॅटिक (बिल्ड करतानाच ती आत घालणं) केलं की होतो, ही समजूत मी इतक्या वेळा ऐकली आहे की तिची आता सवय झाली. जीपीएलबद्दल ती फाउंडेशन मुळीच मानत नाही. त्यांच्या लेखी दोन्ही प्रकारे एकच कृती तयार होते. काही कायदेतज्ज्ञ असहमत आहेत, आणि मी त्या वादावर माझं भांडार उभं करणार नाही. एलजीपीएलमध्ये मात्र फरक आहे, आणि तो व्यवहाराचा आहे: वापरणाऱ्याला तुमची लायब्ररी बदलून तोच प्रोग्रॅम पुन्हा लिंक करता आला पाहिजे. शेअर्ड लायब्ररी असेल तर ते आपोआप साधतं. स्टॅटिक असेल तर प्रोग्रॅमच्या ऑब्जेक्ट फाइली (लिंक होण्याआधीचे तुकडे) तरी द्याव्या लागतात. हेडर फाइलींतून, म्हणजे बिल्ड करताना प्रोग्रॅमात ओढल्या जाणाऱ्या लायब्ररीच्या फाइलींतून, येणाऱ्या मजकुरासाठी २.१ आवृत्तीत सूट आहे ती मुख्यतः छोट्या मॅक्रोंना आणि दहा किंवा कमी ओळींच्या छोट्या इनलाइन फंक्शनांना. हे १९९९चं लिखाण सी भाषेच्या सवयीतून आलेलं. सी++च्या टेम्प्लेटांनी भरलेल्या, निव्वळ हेडरांच्या लायब्ररीला ते कसं लावायचं? आयगेन ही गणिताची लायब्ररी नेमकी तशी, आणि तिने २०१२मध्ये एलजीपीएल सोडून मोझिलाची एमपीएल २.० घेतली. त्या परवान्याची हद्द फाइलीपुरती आहे, आणि मुद्दाम नाकारलं नसेल तर जीपीएलशी जुळण्याची सोय त्यात लिहून ठेवली आहे. रस्ट आणि गो या भाषांमध्ये स्टॅटिक लिंकिंग हीच रीत असल्याने तिथे लायब्ररीवर एलजीपीएल लावताना हाच विचार दुप्पट करायला हवा. रस्टच्या जगात एमआयटी किंवा अपाची, घेणाऱ्याच्या मर्जीने, असा दुहेरी परवाना का रूढ झाला तेही यातून कळेल: अपाचीमुळे पेटंटची हमी मिळते, आणि जीपीएल २वाल्यांना एमआयटीचं दार उघडं राहतं.

हे वाचून कोणी म्हणेल, मग सगळ्यांनीच एमआयटी लावावा, कटकट नको. मी तसं म्हणत नाही. फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनने रीडलाइन जाणूनबुजून पूर्ण जीपीएलखाली ठेवली. हवी असेल तर तुमचा प्रोग्रॅमही जीपीएल करा, हा सौदा उघड होता. १९९२मध्ये सीलिस्प या लिस्पच्या अंमलबजावणीचे लेखक रीडलाइन वापरत होते. पत्रव्यवहार झाला, वाद झाला, आणि शेवटी सीलिस्प जीपीएलखाली आली. कुलूप लावण्यामागे हेतू होता आणि तो साधलाही. ओपनएसएसएलच्या अटीने जे कुलूप लागलं ते मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांनाच लागलं, बंद सॉफ्टवेअर विकणारे मजेत आत-बाहेर करत राहिले. माझं भांडण फक्त या दुसऱ्या प्रकाराशी आहे.

हेतू असेल तर तो यंत्राला कळेल अशा रीतीने कसा सांगावा, हे ऑडिओ-व्हिडिओ हाताळणाऱ्या एफएफएमपेगकडून शिकण्यासारखं आहे. मूळ कोड एलजीपीएल २.१ किंवा नंतरचा. बिल्डच्या आधीच्या कॉन्फिगर टप्प्यात तुम्ही एक्स२६४ ही व्हिडिओची लायब्ररी मागितलीत आणि ‘इनेबल-जीपीएल’ हा पर्याय दिला नाहीत, तर स्क्रिप्ट तिथेच थांबते आणि सांगते की ही लायब्ररी जीपीएल आहे, तुम्ही जीपीएलला होकार दिलेला नाही. अपाची २.०ची एखादी लायब्ररी हवी असेल तर ‘इनेबल-व्हर्जन३’ म्हणावं लागतं, आणि मग सगळी बायनरी तिसऱ्या आवृत्तीवर जाते. मुळीच न जुळणारं काही हवं असेल तर ‘इनेबल-नॉनफ्री’, आणि शेवटच्या सारांशात परवान्यासमोर छापून येतं: मुक्त नाही, वाटण्याजोगं नाही. प्रोग्रॅम बसवल्यानंतरही त्याची आवृत्ती विचारली की कोणत्या पर्यायांनी बिल्ड झाला ते तो सांगतो. ज्याने हे लिहिलं त्याने माझ्यासारख्यांचे किती तास वाचवले असतील! तुमच्या लायब्ररीला ऐच्छिक डिपेंडन्सी (ती ज्यांवर टेकते अशा इतर लायब्रऱ्या) असतील तर हा नमुना उचला.

घरगुती परवान्यांबद्दल फार लिहीत नाही, कारण इथे खरं तर हात जोडण्यापलीकडे काही नाही. एमआयटीला ‘हे सॉफ्टवेअर चांगल्यासाठी वापरा, वाईटासाठी नको’ अशी एक ओळ जोडली आणि जेसन या डेटा-स्वरूपाच्या कोडचा तो परवाना मुक्ततेच्या व्याख्येतूनच बाहेर पडला. शेवटी २०१६मध्ये अपाची फाउंडेशननेही आपल्या प्रकल्पांना त्यावर बंदी घातली. पायथन १.६च्या परवान्यात व्हर्जिनिया राज्याचा कायदा लागू राहील असं कलम होतं. तेवढ्याने तो जीपीएलशी जुळेनासा झाला, आणि २००१मध्ये दुरुस्ती होईपर्यंत पायथनसारखी भाषा अडकून राहिली. विनोद आणि तत्त्वज्ञान रीडमीमध्ये लिहा. तिथे वाचणारे जास्त मिळतात.

अपवाद जोडणार असाल तर एक सावधगिरी. अपवाद फक्त आपल्या मालकीच्या ओळींवर देता येतो. केडीई या डेस्कटॉपची जुनी कथा ज्यांनी पाहिली त्यांना हे सांगायला नको. केडीई ज्या लायब्ररीवर उभं होतं त्या क्यूटीचा परवाना जीपीएलशी जुळत नव्हता. केडीईच्या लेखकांनी स्वतः लिहिलेल्या प्रोग्रॅमांपुरती त्यांची मूक संमती आहे असं म्हणता येत होतं, पण काही प्रोग्रॅमांत बाहेरून घेतलेला जीपीएल कोड होता, आणि त्याच्या मालकांच्या वतीने संमती कोण देणार? १९९८मध्ये डेबियनने केडीई भांडारातून काढलं. क्यूटी २.२ सप्टेंबर २०००मध्ये जीपीएलखाली आली तेव्हा गाठ सुटली. तोवर ग्नोम नावाचा आख्खा दुसरा डेस्कटॉप उभा राहिला होता.

तर आता प्रत्यक्ष काय करायचं. प्रत्येक सोर्स फाइलीच्या पहिल्या ओळींत एसपीडीएक्सची खूण, म्हणजे यंत्राला वाचता येईल असं परवान्याचं ठरावीक नाव, घाला. २०२१पासून तो आयएसओचा मानक आहे, आणि कर्नलमध्ये २०१७पासून त्या खुणा आहेत. जीपीएल २ असेल तर खुणेत ‘जीपीएल-२.०-ओन्ली’ किंवा ‘जीपीएल-२.०-ऑर-लेटर’ यांपैकी एक लिहावंच लागतं. नुसतं ‘जीपीएल-२.०’ आता जुनं ठरवलं आहे, ते याच गोंधळामुळे. दोन परवान्यांतून निवड द्यायची असेल तर मध्ये ‘ऑर’, दोन्ही पाळायचे असतील तर ‘अँड’, अपवाद असेल तर ‘विथ’. या तीन शब्दांत अदलाबदल झाली की अर्थ उलटतो, तेव्हा टाइप करताना एकदा थांबा. दुसऱ्याचा कोड कॉपी करून आपल्या भांडारात ठेवला असेल तर त्याच्या परवान्याची फाइल त्याच्या शेजारीच राहू द्या. मला ती कोडमधल्या एखाद्या कमेंटवरून ओळखून शोधायला लावू नका.

आणि परवान्याबद्दल कोणी इश्यू उघडला तर ‘मी वकील नाही’ म्हणून बंद करू नका. विचारणाराही वकील नसतो, आणि त्याला कायद्याचं मत नको असतं. तुमच्या मनात ‘ओन्ली’ होतं की ‘ऑर-लेटर’, एवढंच त्याला विचारायचं असतं. ते इश्यूत सांगून थांबू नका, फाइलींत लिहा आणि एक छोटा रिलीज काढा. नव्या टारबॉलची (कोडच्या गठ्ठ्याची) खबर आमच्या यंत्रणेला आपोआप लागते, पुढच्या बिल्डला पॅकेज भांडारात घेतो.

आपला,
एक पॅकेजर